उत्तर देणारं माणूस

जिल्ह्यातल्या घराघरांतली बोलकी यंत्रं चालवणारा सर्व्हर रोज दुपारी गोठायचा. तो सांभाळणाऱ्या केतकी सोनटक्केने मेमरी बदलली, पंखे साफ केले, तरी फरक पडेना. शेवटी तिने नोंदी तपासल्या. गोठण्याआधीचा प्रश्न दर वेळी डोंगरातल्या एकाच घरातून येत होता. ती तिथे गेली. घरात सोमीबाई एकट्याच राहत.

“यंत्राला तुम्ही काय विचारता, आजी?”

“जेवलास का, एवढंच. पण आमच्या बोलीत. बहीण गेल्यापासून ती बोलणारं कुणी उरलं नाही, बाई.”

केतकीच्या लक्षात आलं. त्या बोलीत उत्तर देऊ शकेल असं माणूस सर्व्हर घराघरांत शोधत राहायचा आणि त्यातच अडकायचा. ती बोली सर्व्हरमधून काढून टाकली असती, तर काम झालं असतं.

“यावर उत्तर काय देतात?” तिने विचारलं.

सोमीबाईंनी एक शब्द सांगितला.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रश्न आला, तेव्हा केतकीने ऑफिसातून तो शब्द उच्चारला. सर्व्हर चालू राहिला.  पलीकडून सोमीबाई भराभर बोलू लागल्या, मध्येच हसल्या, पुन्हा बोलत राहिल्या.

केतकीला त्यातलं काहीच कळत नव्हतं. तिने हेडफोन काढला नाही.