खिडकीतून आलेला जावई

गुणाजीकाका नव्या पेटीची केबल हातात धरून अडून राहिले. सर्व्हर रूममधल्या प्रत्येक भोकाखाली त्यांची चिठ्ठी होती, पन्नाशीत साक्षरता वर्गात गिरवलेल्या मराठी अक्षरांतली.

"काका, आता कुठल्याही भोकात लावा," इंजिनियर शलाका म्हणाली. "हा नवा स्विच, म्हणजे हे भोकांचं यंत्र, प्रत्येक पेटीला तिच्या नंबरावरून ओळखतो आणि तिच्याच जाळ्यात बसवतो. चिठ्ठ्या काढू."

"म्हणजे जावई खिडकीतून आला तरी पाट मिळणार!" काकांनी पेटीवरचा नंबर वाचून दाखवला, शलाकाने तो स्विचच्या यादीत टाकला. मग त्यांनी मुद्दाम भलत्याच भोकात केबल खुपसली. दिवा लाल झाला.

"बघ, नाही ओळखलं जावयाला! चिठ्ठ्या राहू देत."

शलाका पेटीपाशी वाकली. "शेवटचा आकडा काय म्हणालात?"

"एक. वर गाठ, खाली शेपूट."

"काका, हा इंग्रजी नऊ आहे."

तिने आकडा सुधारला आणि त्याच भोकात दिवा हिरवा झाला. यंत्राने पेटी ओळखली होती. काकांनीच नऊ ओळखला नव्हता. त्यांनी पहिली चिठ्ठी नखाने सोलली.

"पुढचे नंबर मी वाचू?" शलाकाने हळूच विचारलं.

"नको, मीच वाचतो. मला एक दिसला, की तू नऊ टाक."