लाल वर्तुळ

"घे. स्वतःच्या नावावर स्वतःच फुली मार," लेई म्हणाला आणि त्याने लाल शाईचा कुंचला कुआंग गुरुजींच्या हातात कोंबला.

चार महिन्यांनी गुरुजींच्या हाती कुंचला आला होता. चार महिने खराटा होता. आमच्या कलाशाळेत क्रांती झाली होती. सुलेखन म्हणजे जमीनदारांचे चोचले ठरले होते आणि ते शिकवणारा माणूस संडास धुण्याच्या लायकीचा. हे ठरवणाऱ्या लेईला, क्रांतिकारकांच्या म्होरक्याला, सरळ रेघ ओढता येत नव्हती. पट्टी लावून घोषणा रंगवायचा तो.

भिंतीवरचं पत्रक पुरुषभर उंच होतं, खळ अजून ओली. 'कुआंगने आमच्या मनात विष कालवलं.' लिहिणारी तान रुइफांग, दोन वर्षं गुरुजींकडे शिकणारी विद्यार्थिनी, बाजूलाच मान खाली घालून उभी होती. गुरूविरुद्ध असं उघड पत्रक लिहिलं, तरच तिचं नाव यादीतून निघणार होतं. यादीतल्यांना सरहद्दीवर दगड फोडायला धाडत होते. आम्ही चाळीस जण बघत होतो. कुणी बोललं नाही. ज्याला त्याला आपली कातडी प्यारी. मलाही.

गुरुजींनी फुली मारली नाही. सवयीने त्यांनी आधी पत्रक वाचायला घेतलं, वरून खाली, उजवीकडून डावीकडे, आमचे सरावाचे कागद तपासायचे तसंच. मधेच थांबले. पुढे झाले. आणि 'विष' या अख्ख्या शब्दाचं जे एकच चिनी अक्षर, त्याभोवती त्यांनी अलगद एक लाल वर्तुळ काढलं.

"जमलं की गं तुला!" ते म्हणाले. "हा शेवटचा फटकारा! किती महिने अडली होतीस इथे!"

चेहरा लहान पोरासारखा फुलला होता.

उत्तम अक्षराला गुरुजी लाल वर्तुळ द्यायचे. वर्षाकाठी अख्ख्या वर्गात दोन, फार तर तीन. रुइफांगला आजवर एकही मिळालं नव्हतं.

लेई तिच्याकडे वळला. "अस्सं! हे धिक्काराचं पत्रक आहे की लग्नाची पत्रिका, बाई? शत्रूला शिव्या घालतानाही त्याचीच शाबासकी मिळवतेस? आण रे ती यादी."

आता कुठे गुरुजींच्या लक्षात आलं. रंग उडाला त्यांचा.

"हात चुकला माझा," ते म्हणाले, आणि त्यांनी वर्तुळावर खस्सकन फुली ओढली. लाल शाई ओघळत खाली आली. "हिला अक्षर येत नाही. ठोंब्या हाताची पोर. दोन वर्षांत एक वर्तुळ दिलं नाही मी हिला. विचारा या सगळ्यांना."

लेईने आमच्याकडे पाहिलं. वर्तुळांचं तर खोटं नव्हतंच. आम्ही माना हलवल्या.

"खरं का गं?"

"खरं आहे," रुइफांग म्हणाली. "मला कधीच नाही जमलं."

लेई खूश झाला. "आणि नावावरची फुली कुणी मारायची, म्हाताऱ्या? मी?"

गुरुजींनी तीही मारली. दोन रेघा. टेकवून, थांबून, उचलून. आम्हाला शिकवायचे तशाच.

यादीतलं रुइफांगचं नाव खोडलं, त्या जागी त्यांचं घातलं. एकाहत्तर वर्षांचा माणूस, दगड फोडायला! सकाळी ट्रक आला आणि त्यांना घेऊन गेला.

ट्रक गेला आणि लेई भिंतीपाशी येऊन ओरडायला लागला. पत्रकाच्या मधोमध ताटाएवढं भोक पडलं होतं. कडा पात्याने कापल्यासारख्या सरळ. शिव्या जागच्या जागी होत्या, फुली मारलेलं नावही होतं. तेवढं एक अक्षर नव्हतं.

"कुणी कापलं हे?"

आम्ही चाळीस जण उभे होतो. रुइफांगचे दोन्ही हात कोटाच्या बाह्यांत होते.

कुणी बोललं नाही.