नळी, ठीक!

काकिझाकी मोरिओंच्या उजव्या तर्जनीने आयुष्यात कधी चूक केली नव्हती. तिच्याच भरवशावर त्यांनी निवृत्त होईपर्यंत रेल्वे चालवली आणि एकाही प्रवाशाच्या केसाला धक्का लागू दिला नाही. आता ते गॅरेजात पुठ्ठ्यावर उताणे पडले होते आणि त्या तर्जनीला पेट्रोलचा वास येत होता.

वास तसा सगळ्यालाच येत होता. दोनच माणसं बसतील अशी ती लाल, बुटकी स्पोर्ट्स कार त्यांनी लग्नाआधी घेतली होती, आणि गेला उन्हाळाभर ती कुठून तरी गळत होती. कुठून, ते सापडत नव्हतं. मोरिओंनी आधी फिल्टर बदलला. गळती चालूच. मग कार्बोरेटर उतरवला आणि जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून सुटा केला. त्यानंतर बरेच दिवस घरातल्या मिसो सूपला निराळीच चव होती. गळती चालूच. शेवटी पंप नवा आणला. नव्या पंपाने पेट्रोल जोमाने पुढे जाऊ लागलं, आणि गळूही जोमानेच लागलं.

मग शेजारच्या मुराओकाबाई मुळ्याचं लोणचं घेऊन आल्या. "तुमच्या गाडीची तब्येत अगदी उत्तम दिसते हो," त्या हसून म्हणाल्या. "सुवास थेट आमच्या देवघरापर्यंत येतो."

ओत्सु गावात याहून मोठी शिवी कोणी देत नाही. मोरिओंच्या पत्नी फुसाएंना त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी त्यांनी नवऱ्यापुढे भात ठेवला आणि सांगितलं, "शुक्रवारी गाडीची सरकारी तपासणी आहे. पहिल्या खेपेला पास झाली तर ठेवा. नापास झाली तर ते दातांचे डॉक्टर कधीचे मागताहेत, त्यांना देऊन टाकायची."

"अगं, पण..."

"इथे नाही. तिथे बोला." त्यांनी देव्हाऱ्यातल्या सासऱ्यांच्या फोटोकडे हात केला. मोरिओंनी फोटोसमोर बसून कबूल केलं. वडिलांना ती गाडी पहिल्यापासूनच आवडत नव्हती.

म्हणून बुधवारी दुपारी मोरिओ गाडीखाली होते आणि फुसाए बाजूला ओणव्या होऊन टॉर्च धरून होत्या. किल्ली फिरवलेली होती, पंप टकटकत होता. मोरिओंनी रेल्वेच्या रीतीने तपासणी सुरू केली. हात ताठ, बोट वस्तूवर, वस्तूचं नाव मोठ्याने, मग निकाल. नुसतं बघणाऱ्याला डुलकी लागते, बोट दाखवून ओरडणाऱ्याला लागत नाही, असं ते नव्या ड्रायव्हरांना शिकवत आले होते.

"टाकी, ठीक!"

"पंप, ठीक!"

"नळी, ठीक!"

"अहो," फुसाए म्हणाल्या.

"मधे बोलू नकोस. क्रम चुकतो. फिल्टर, ठीक!"

"अहो, नळी गळतेय."

"नळी झाली."

"झाली ना. तुम्ही बोट दाखवलंत तेव्हा त्या बोटावर थेंब पडला. तुम्ही तो पँटला पुसलात आणि मग ठीक म्हणालात."

पंप टकटकत होता.

"पुन्हा करा बघू," फुसाए म्हणाल्या.

त्यांनी पुन्हा हात ताठ केला. "नळी..." नळीच्या टोकाला थेंब जमला, फुगला आणि टपकन त्यांच्या नखावर पडला. मोरिओंनी तो या वेळी नीट पाहिला. पण तोंड त्यांच्यासाठी थांबलं नाही.

"ठीक!"

फुसाए हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

"सगळा उन्हाळा मी हिच्याकडे बोट दाखवतोय," मोरिओ म्हणाले.

"मग काही बिघडलेलं असलं तर काय ओरडायचं असतं?"

"सिग्नल लाल असला तर 'थांबा' म्हणायचं असतं. नळीला तसं काही नाही." त्यांनी बोट पुन्हा पँटला पुसलं. "रेल्वेत गाडी माझ्या ताब्यात यायची ती डेपोतल्या लोकांनी रात्रभर खपून नीट केलेली. मी बोट दाखवायचो तेव्हा सगळं ठीकच असायचं."

"म्हणजे ते काम करायचे आणि तुम्ही ओरडायचात."

"मोठ्याने," मोरिओ म्हणाले.

नळी वीतभर होती. रबर वाळून वरच्या अंगाला चिरलं होतं, लोणच्यासाठी उन्हात वाळवलेल्या मुळ्यासारखं. त्यांनी नवी बसवली, दोन्ही टोकांच्या क्लिपा आवळल्या, आणि या खेपेला तोंडाने काही बोलले नाहीत. फुसाएंनी खाली पांढरा कागद पसरला. गुरुवारी सकाळी तो तसाच पांढरा होता. दुपारी मुराओकाबाई भेटल्या आणि त्यांनी गाडीची चौकशीच केली नाही. याहून मोठं कौतुक ओत्सुत होत नाही.

शुक्रवारी सकाळी मोरिओ थेट गाडीत जाऊन बसले. इतकी वर्षं गाडी काढण्याआधी सगळे दिवे लावून तिच्याभोवती बोट दाखवत, ओरडत एक फेरी व्हायची. गल्लीतले लोक त्या आवाजावर उठत.

"आज फेरी नाही?" फुसाएंनी दारातून विचारलं.

"त्या बोटाचं आता काही खरं नाही," ते म्हणाले आणि निघाले.

तपासणी केंद्रातला माणूस टॉर्च घेऊन गाडीखाली गेला, तो बराच वेळ आला नाही. त्याने नळी चेपून पाहिली, क्लिपा पाहिल्या, दोनदा हुंगून घेतलं. बाहेर येऊन त्याने टोपी काढली. "आजोबा, या वयाच्या गाडीचं इतकं कोरडं पोट मी आजवर पाहिलं नाही."

मोरिओंनी कमरेत वाकून आभार मानले. तो माणूस गाडीच्या मागे गेला.

गाडी नापास झाली. मागच्या नंबरपाटीवरचा दिवा लागत नव्हता.