न मोडलेली रेघ

"अर्ध्या भाड्यात घर, म्हणजे गल्लीत काहीतरी गोम असणार," आमचे हे म्हणाले.

कोइंबतूरमध्ये चार घरं बदललेली बाई मी. गल्ली कशी पारखायची ते मला कुणी शिकवू नये. दुपारी जायचं आणि दारांपुढची कोलमं, म्हणजे तांदळाच्या पिठाच्या रांगोळ्या, बघायची. ती तुडवलेली नसली, की तिथे टवाळ फिरकत नाहीत. या गल्लीत एकाही दारातली रेघ मोडलेली नव्हती.

"इथे कधी चोर आला नाही की पोलीस," मालकीण विसालाक्षी अक्का म्हणाल्या.

"ऐकलंत?" मी ह्यांना म्हटलं. आम्ही राहायला आलो.

आज पहाटे मी दारात पहिलं कोलम घातलं. दिवसभर आम्ही दोघांनी आणि लेकीने त्याच्यावरूनच ये-जा केली.

संध्याकाळी हे दारात थबकले. "अगं, पुन्हा घातलंस?"

"छे! हात पक्का आहे माझा," म्हणत मी मुद्दाम मधोमध पाय घासला.

रेघ जागची हलली नाही. तळव्याला पिठाचा कण नव्हता. ह्यांनीही गुपचूप पाय घासून बघितला.

मग आम्ही लेकीला हाक मारली. ती नाचत, पाय आपटत कोलमावरून आत आली.

तिच्या पायाखाली तरी रेघ मोडली का, ते खाली बघायची आम्हा दोघांचीही हिंमत होईना.