अजून एक हात

करवत झाडाच्या बुंध्याला टेकवून ठेवली होती. मुकादम चित्रकाराच्या मागे येऊन उभा राहिला आणि कागदाकडे पाहू लागला. तुतीचं झाड, त्याखाली गंजक्या पत्र्याचं शिवणकामाचं दुकान, मागे रस्ता.

"काका, झकास चाललंय. तुमचं होऊ द्या, मग आम्ही झाडाला हात घालतो. तोवर माणसं जेवून घेतील."

मुकादम तसा भला माणूस होता. रस्ता रुंद करायचा हुकूम काही त्याने काढला नव्हता.

दुकानातली शिवणकाम करणारी बाई रंगाचं पाणी बदलून द्यायला आली आणि वाकून हळूच म्हणाली, "भाऊ, लेक कचेरीत गेलीय. झाड तोडू नका असा कागद तीनपर्यंत देतो म्हणालेत. तोवर तुमचं चालू राहू दे."

"बघतो," चित्रकार म्हणाला.

पंचाईत अशी झाली, की चित्र एक वाजताच पुरं झालं. जलरंगाचं असंच असतं, होतं तेव्हा होऊन जातं. पानांतून झिरपणारा उजेड कागदाने आपणहून धरला होता. एका बैठकीत असं चित्र त्याला वीस वर्षांत साधलं नव्हतं. तो मनातून हरखून गेला. आता सही करायची, ब्रश धुवायचा आणि मुकाट घरी जायचं, एवढं त्याला कळत होतं.

त्याने वर पाहिलं. माणसांचे डबे धुऊन झाले होते. बाई शिलाई मशीनपाशी बसली होती, पण तिचे पाय चालत नव्हते. डोळे रस्त्याकडे.

त्याने ब्रश हिरव्यात बुडवला आणि पानांवर अजून एक हात मारला.

दोन वाजता कागदावरचा उजेड गेला. अडीचला पानांचा हिरवा आणि पत्र्याचा तांबडा एकमेकांत मिसळून नुसता चिखल झाला. त्याला रडू येईलसं वाटलं, तरी हात चालूच होता. तीनला कागदाचं साल निघून ब्रशला चिकटू लागलं. लेकीचा पत्ता नव्हता.

मुकादम उठला. पँट झटकली, करवत उचलली आणि पुन्हा चित्रकाराच्या मागे येऊन उभा राहिला. वाकून कागद पाहिला.

"काका, मघाशीच झालं होतं की हो हे. पार वाट लावलीत."

चित्रकाराने मान वर केली नाही. ब्रश पाण्यात बुडवला. पाणी केव्हाच काळं झालं होतं.

मुकादमाने एकदा बाईकडे पाहिलं, एकदा रिकाम्या रस्त्याकडे. मग करवत खाली ठेवली आणि झाडाच्या सावलीत ऐसपैस मांडी ठोकली.

"बसा रे," तो आपल्या माणसांना म्हणाला. "काकांचं अजून व्हायचंय."