स्टुडबेकरचं नाक

स्टुडबेकर मोटारींचा कारखाना बंद पडून कैक वर्षं झाली होती. सुटे भाग आता फक्त म्हाताऱ्यांच्या गॅरेजमध्ये सापडायचे, आणि अख्ख्या साउथ बेंड शहरात कॅझिमिरइतका साठा कुणाकडेच नव्हता. कुणाला एक स्क्रू देईल तर शपथ. तो गेला तेव्हा स्टुडबेकर क्लबचे झाडून सगळे मेंबर काळ्या कोटात चर्चला हजर झाले.

व्हर्ननने कॅझिमिरच्या बायकोचा हात हातात घेतला. "फार वाईट झालं गं, लोरेटा. सोन्यासारखा माणूस." मग हळूच म्हणाला, "माझ्या गाडीला पुढचं क्रोमचं नाक नाहीये. कॅझिमिरकडे एक होतं. गॅरेजमध्येच असेल ना?"

"असं विचारणारा तू सहावा," लोरेटा म्हणाली. "बरं झालं, शवपेटी उचलायला सहाच लागतात. चल, लाग."

पेटी उचलताना सहाही जणांचे गुडघे वाकले.

"शेवटी तर पार वाळला होता गं," व्हर्नन धापा टाकत म्हणाला. "एवढा जड कसा?"

"तो एकटा कुठे चाललाय? तुझं ते नाक उशाशी ठेवलंय. या पाचांचं सामान पायाशी."

पेटी खड्ड्यात उतरली तेव्हा सहाही जण हमसून हमसून रडले, आणि या वेळी अगदी मनापासून.