आधी येईल त्यानं झाडायचं

कोपऱ्यातला झाडू अपेक्षानं उचलला, तेव्हा वर्गात कोणीच नव्हतं. वणीत रात्रभर कोळशाचे ट्रक पळतात अन् सकाळी बाकांवर काळी भुकटी बसलेली असते. गावाहून पहिल्या एसटीनं आलेल्या या पोरीचा कॉलेजातला पहिला दिवस. कोणाशी बोलावं, कुठं बसावं, काही ठाऊक नव्हतं. झाडता मात्र येत होतं. आश्रमशाळेचा कायदा साधा होता, आधी येईल त्यानं झाडायचं. गणिताचे गुरुजी दोन वर्षं फिरकले नाहीत, पण हा तास कधी बुडाला नाही.

पहिल्या बाकावर तिनं पिशवी ठेवली, ओढणी डोक्याला गुंडाळली अन् मागून सुरुवात केली.

अर्ध्यावर आली तशी पोरंपोरी येऊ लागली. नवे बूट, नव्या बॅगा. कोणीतरी हात लावील, असं तिला वाटलं. आश्रमशाळेत दुसरा येणारा सुपली धरायचा. इथं कोणी तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"मावशी, इकडे बी मार ना एक हात," ऋतिक नावाचा पोरगा मोबाइलमधून मान न काढता बोलला. दोघं एकाच वयाचे.

तिनं मारला. मी बी याच वर्गात आहो, हे वाक्य जिभेवर आलं अन् तिथंच बसलं. आता झाडू ठेवून बाकावर बसावं, तर सगळे म्हणतील, अरे, झाडणारी बसली! म्हणून ती झाडतच राहिली. जितकी झाडत गेली तितकं बसणं अवघड होत गेलं. पहिल्या बाकावरची तिची पिशवी कोणीतरी उचलून शेवटच्या बाकावर फेकली.

लोहकरे सर आले. सगळे उभे राहिले. तीही उभी राहिली, झाडू धरून.

"झालं ना, बाई? मग हो बाहेर. अन् दार ओढून घे."

ती बाहेर झाली. दार ओढून घेतलं. आश्रमशाळेत वाढलेल्या पोरीला हुकूम कानाआधी पायात शिरतो.

व्हरांड्यात रुपीबाई उभी होती. कॉलेजात झाडायचं काम तिचं. दोन्ही हात कमरेवर.

"माहा झाडू कोनं देल्ला तुले? ठेकेदारानं पाह्यलं त उद्या मले घरी बसवन! कोन होय तू?"

"पहिल्या वर्षाले आहो."

"मंग भाईर काहून उभी?"

"सरायनं सांगतलं."

आत हजेरी सुरू होती.

"अपेक्षा आत्राम."

सरांनी पुन्हा पुकारलं. मग त्यांचा आवाज दाराबाहेर स्पष्ट आला, "बघा! फी माफ, पुस्तकं फुकट, सगळं यांनाच. अन् पहिल्याच दिवशी गैरहजर!"

वर्ग खदखदून हसला.

रुपीबाईनं तिच्या काळ्या झालेल्या हातांकडं पाहिलं. "थे तुलेच म्हनून राह्यले काय?"

अपेक्षानं होकाराची मान हलवली.

रुपीबाईनं झाडू हिसकून घेतला. "माहं काम मले करू दे. तुहं तू पाह्य." अन् ती पुढच्या वर्गाकडं चालती झाली. मागं वळूनही पाहिलं नाही.

एका बाजूला जिना होता, खाली उतरलं की स्टँडचा रस्ता. दुसऱ्या बाजूला दार होतं.

अपेक्षानं दार ढकललं.

"हजर."

आवाज फाटला, पण निघाला. सरांचं पेन हवेतच राहिलं.

"तू?"

"मीच आत्राम."

मघाचं हसू पोरांच्या तोंडावर तसंच वाळत होतं. ती बाकांच्या मधून पिशवीकडं निघाली. हातात झाडू नव्हता. तरी ती जवळ आली तसे एकेकानं पाय वर घेतले.

शेवटच्या बाकावर फरहा नावाची पोरगी कडेला बसलेली. तिचेही पाय वर.

"पाय खाली घे," अपेक्षा म्हणाली. "अन् सरक. मले बसाचं आहे."